फेरिटिन ९२, सीआरपी १८ आणि रात्रभर वळवळणारे पाय: दाह कमी केला तर पाय थांबतील का?

गंगापूररोडकर

सासूबाईंसाठी विचारतेय. वय ६१, आमवात सात वर्षांपासून, नियमित उपचार चालू. गेल्या वर्षभरात रात्री साडेनऊ-दहा वाजले की पाय वळवळायला लागतात. त्यांच्या शब्दांत, "पोटऱ्यांच्या आतून कुणीतरी दोरी ओढतंय." उठून गॅलरीत फेऱ्या मारल्या की थांबतं, पाठ टेकली की दहा मिनिटांत पुन्हा सुरू. सकाळी काही नाही. न्यूरॉलॉजिस्टनी रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असं निदान केलंय.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन (लोहाचा साठा) ९२, सीरम आयर्न ३८, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची क्षमता) ३१०, सीआरपी (दाहाचं माप) १८, ड जीवनसत्त्व १६, क्रिएटिनिन ०.९, तीन महिन्यांची साखर ५.८.

चालू औषधं: आमवातासाठी मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, डायक्लोफेनॅक एसआर १०० रोज, पँटोप्राझोल ४०, झोपताना ॲमिट्रिप्टिलिन १०, सर्दी झाली की मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी. याशिवाय हळदीच्या अर्काची ५०० मिग्रॅची कॅप्सूल दोन वेळा, त्यात मिरीचा अर्कही आहे. रात्री हळदीचं दूध.

प्रश्न असे. फेरिटिनपुढे लॅबने १० ते १५० ही मर्यादा छापलीय आणि तारांकन नाही, म्हणजे लोह पुरेसं धरायचं का? आणि या आजाराच्या मुळाशी दाह असतो असं वाचलं. मग दाह उतरवणारी औषधं, हळद, आलं, ओमेगा-३ वाढवावं का?

---

लॅबमामा_अंबड

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पुरेसं धरायचं नाही. तुमच्या कागदावर दोन आकडे आहेत ज्यांचा भागाकार कुणी केलेला दिसत नाही. ३८ भागिले ३१०, गुणिले १००. आले १२ टक्के. याला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन म्हणतात, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जितक्या जागा आहेत त्यातल्या किती भरलेल्या आहेत. २० च्या खाली गेलं की लोह कमी.

मग फेरिटिन ९२ कसं? कारण शेजारीच सीआरपी १८ आहे. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचं माप आहे हे खरं, पण ते दाहाबरोबर वर चढणारं प्रथिनही आहे. सांधे सुजलेले असले, दात ठणकत असला, नुकताच ताप येऊन गेला असला की फेरिटिन फुगतं. साठा तेवढाच राहतो, आकडा तेवढा मोठा होतो. सीआरपी नॉर्मल असताना याच बाईंचं फेरिटिन ९२ पेक्षा बरंच खाली निघालं असतं असं मानायला जागा आहे.

यामागची यंत्रणा अशी. दाह असला की इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप यकृताला जातो, यकृत हेप्सिडिन सोडतं. हेप्सिडिन काय करतं, तर आतड्याच्या पेशींतून आणि साठवणीच्या पेशींतून लोह बाहेर पडण्याची दारं बंद करतं. गंगापूर धरणात पाणी आहे पण दरवाजे उघडत नाहीत, अशी गत. वरून गोळीतून घेतलेलं लोहही आतड्याच्या पेशीत अडकतं, आणि त्या पेशी दोन-चार दिवसांत झडल्या की त्यांच्याबरोबर शौचातून निघून जातं.

छापील मर्यादेबद्दल एक. १० ते १५० हा ॲनिमियाच्या दृष्टीने लावलेला पट्टा आहे. पायांच्या या आजारात पट्टी वेगळी लागते: मोठ्या माणसांत फेरिटिन ७५ किंवा कमी, नाहीतर सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली, यातलं एक जरी असलं तरी लोह देण्याचा विचार करतात. ७५ ते १०० च्या मध्ये असेल तर शिरेतून द्यायचा विचार. कारण प्रश्न मेंदूतल्या लोहाचा आहे, आणि रक्तात सगळं ठीक दिसत असतानाही मेंदूत ते कमी असू शकतं.

पुढच्या वेळी तपासणी देताना: सकाळी उपाशीपोटी, लोहाची गोळी आदल्या दिवशी बंद, आणि फेरिटिन, आयर्न, टीआयबीसी, सीआरपी या चारही गोष्टी एकाच नळीतल्या रक्ताच्या. सीरम आयर्न दिवसभरात वर-खाली होतं, संध्याकाळी दिलेल्या रक्तावर भागाकार करून उपयोग नाही. सांधे भडकलेले असतील किंवा ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा.

---

औषधवाला_पंचवटी

लॅबमामांनी आकडे लावले, मी गोळ्यांचा डबा लावतो. यादी वाचून सरळ सांगतो: दाह उतरवायला म्हणून जे चाललंय, त्यातलं निम्मं लोह खाली ओढतंय, आणि जे झोपेसाठी चाललंय ते पाय हलवतंय.

डायक्लोफेनॅक रोज. हे पायांच्या वळवळीवरचं औषध नाही, कधीच नव्हतं. सांध्याचं दुखणं कमी करतं म्हणून रात्र थोडी बरी जाते, पण जठर-आतड्याच्या अस्तराला बारीक जखमा होऊन थेंबथेंब रक्त जाऊ शकतं, डोळ्याला न दिसणारं. महिनोन्‌महिने असं चाललं की लोह उतरतं. म्हणजे दाह कमी करण्याची गोळीच या आजाराला खतपाणी घालते. पाळी थांबलेल्या बाईंचं लोह कमी निघालं तर ते गेलं कुठे याचा शोध घ्यायलाच हवा. शौचातील रक्ताची तपासणी आणि गरज पडली तर दुर्बीण. फक्त गोळी सुरू करून हा भाग सोडू नका. मेथोट्रेक्सेटबरोबर रोजचं डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाच्या दृष्टीनेही लक्ष ठेवण्याची गोष्ट आहे, संधिवाताच्या डॉक्टरांना "रोज घेतेय" हे स्पष्ट सांगा. पुष्कळदा त्यांनी "दुखलं तर" असं लिहिलेलं असतं आणि घरी ते रोजचं होऊन बसतं.

पँटोप्राझोल. डायक्लोफेनॅकपासून पोट सांभाळतं, त्यामुळे एकटं बंद करू नका. पण जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं आणि गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. डायक्लोफेनॅक कमी झालं तर हेही कमी करता येतं का, ते डॉक्टरांना विचारा.

सर्दीची गोळी. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन यांपैकी काही असेल तर त्या रात्री पाय जास्त वळवळणारच. झोप आणणाऱ्या जुन्या पठडीतल्या सगळ्या ॲलर्जीच्या गोळ्यांचं हे आहे. खोकल्याच्या सिरपमध्येही त्या असतात. फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिन मेंदूत फारसं जात नाही, ते चालतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलं गेलं तरी हाच घोळ होतो.

ॲमिट्रिप्टिलिन १० हेही पाय बिघडवणाऱ्यांच्या यादीत आहे. मनाने बंद करू नका. न्यूरॉलॉजिस्टना विचारा की वेदना आणि पाय दोन्हीसाठी मिळून गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन चालेल का. मार्गदर्शक सूचनांत आज हीच पहिल्या पसंतीची औषधं आहेत. चक्कर, सकाळची गुंगी आणि साठीपुढच्या माणसाचं रात्री बाथरूमला जाताना तोल जाणं, हा त्यांचा त्रास. कमी मात्रेपासून, त्रास सुरू होण्याच्या तास-दोन तास आधी.

---

देवळाली_वाचक

औषधवाले, हळदीला तुम्ही बगल दिलीत. दाह आणि हा आजार यांचा संबंध काही व्हॉट्सॲपवरची गोष्ट नाही. आमवात, क्रोहन (आतड्यांचा दाह), सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं), दीर्घकालीन मूत्रपिंडविकार या सगळ्यांत या पायांच्या तक्रारी जास्त दिसतात. मग हळदीतल्या कर्क्युमिनने दाह कमी होत असेल तर नुकसान काय?

---

औषधवाला_पंचवटी

बगल नाही, दुकानात गिऱ्हाईक होतं.

संबंध आहे हे मान्य. पण एकत्र दिसणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. तुम्ही लिहिलेल्या चारही आजारांत लोह कमी होतं: सिलिॲकमध्ये शोषण नाही, क्रोहनमध्ये रक्त जातं आणि शोषणही नाही, मूत्रपिंडात हेप्सिडिन साचतं, आमवातात वर लॅबमामांनी सांगितलं ते. त्यामुळे दाह पायांपर्यंत थेट पोहोचतो की लोहाच्या वाटेने, हे वेगळं काढणं अवघड आहे. लोहाची वाट मात्र फार जुनी आणि पक्की. स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ मध्ये या आजाराला आजचं नाव दिलं आणि १९५३ मध्ये नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचं लिहिलं. दाह उतरवणाऱ्या कुठल्याही गोळीच्या मागे या आजारात एवढा आधार नाही.

आता हळद. फोडणीतली हळद खुशाल खा. पाव चमचा हळद म्हणजे पाऊण ग्रॅम धरा, त्यात कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वीस-पंचवीस मिलिग्रॅम. कॅप्सूलवर "९५ टक्के कर्क्युमिनॉइड" लिहिलेलं असेल तर एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम, दिवसाला दोन म्हणजे ९५०. चाळीसेक दिवसांची भाजीतली हळद एका दिवसात. कर्क्युमिन लोहाला चिकटतं आणि ते शोषू देत नाही. जास्त मात्रेतल्या हळदीच्या गोळ्यांनंतर लोहाची कमतरता झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. मिरीचा अर्क कर्क्युमिनचं शोषण वाढवतो, तसा इतर काही औषधांच्या रक्तातल्या पातळीतही ढवळाढवळ करतो. आणि अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं आहेत. इथे बाई मेथोट्रेक्सेटवर आहेत, ज्यासाठी यकृताची तपासणी आधीच करावी लागते. उद्या यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी वाढलं तर कुणामुळे वाढलं हे सांगता येणार नाही. मी असतो तर कॅप्सूल बंद केली असती.

आलं चहात घाला. ओमेगा-३ ने सांध्यांना थोडा फायदा होऊ शकतो, पायांसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. मॅग्नेशियमचं प्रस्थ फार आहे, पुरावा तोकडा. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते घेऊच नये. क आणि ई जीवनसत्त्वाचा चांगला उपयोग दिसलाय तो डायलिसिसवरच्या रुग्णांत. क २०० मिग्रॅ, ई ४०० मिग्रॅ, आठ आठवडे. ते सरसकट सगळ्यांना लावू नका. ड जीवनसत्त्व १६ आहे ते भरून काढा, हाडांसाठी तरी नक्कीच. पायांवर फरक पडेल याची खात्री देता येत नाही.

एक राहिलं. सांधेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या मिळतात. "घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळं मोकळं" असं कुणी सांगितलं की समजा, आत स्टेरॉईड असण्याची शक्यता आहे.

---

गंगापूररोडकर

खूप आभार. लिहायचं राहिलं: महिन्यापूर्वी फॅमिली डॉक्टरांनी फेरस ॲस्कॉर्बेट १०० मिग्रॅ सुरू केलंय, ते त्या रात्री झोपताना घेतात. हळदीच्या दुधाबरोबर. काहीच फरक नाही आणि बद्धकोष्ठता सुरू झाली.

शिवाय एका नातेवाइकांनी त्यांच्याकडची प्रॅमिपेक्सोलची गोळी दिली होती. दोन रात्री घेतली, जादू झाल्यासारखी झोप लागली. तीच चालू ठेवावी का?

---

लॅबमामा_अंबड

दुधात कॅल्शियम, हळदीत कर्क्युमिन, वर पँटोप्राझोल, त्यात रात्रीची वेळ. लोह शोषू नये म्हणून याहून चांगला बेत ठरवता आला नसता.

वेळ बदला. हेप्सिडिन सकाळी कमी असतं आणि दिवस चढतो तसं वाढतं. म्हणून गोळी सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर तरी चहा नाही, दोन तास झाले तर उत्तम. हे सासूबाईंना पटवणं हाच खरा उपचार आहे, नाशिकच्या थंडीत सहा वाजता चहाशिवाय बसायचं म्हणजे! त्यांना म्हणावं, गोळी पाचला, चहा सातला. दूध, दही, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीची चघळायची गोळी यांच्यातही दोन तासांचं अंतर. थायरॉइडची गोळी कुणी घेत असेल तर चार तासांचं.

आणि रोज नको, एक दिवसाआड. एक मात्रा पोटात गेली की दिवसभर हेप्सिडिन चढलेलं राहतं, दुसऱ्या दिवशीची गोळी बंद दारावर आपटते. दिवसाआड घेतली तर टक्केवारीने शोषण जास्त आणि बद्धकोष्ठता कमी. शौचाला काळं होईल, घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट आणि घाण वास असेल तर तो रक्तस्राव असू शकतो, लगेच दाखवा. तीन महिन्यांनी पुन्हा तेच चार आकडे.

थॅलसेमिया मायनर असेल तर हिमोग्लोबिन कमी असतं पण लोह कमी असेलच असं नाही. जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही आहे. त्यामुळे "हिमोग्लोबिन कमी, द्या लोह" असं कुणी डोळे मिटून करू नये. तुमच्याकडे सॅच्युरेशन १२ आहे म्हणून बोलतोय.

जेवणाचं थोडक्यात: मिसळीतली मोड आलेली मटकी, त्यावर लिंबू, हे लोहासाठी छान जमतं, मोड आल्याने लोह अडवणारं फायटेट कमी होतं आणि लिंबू शोषण वाढवतं. लगेच वरून कटिंग मारला की चहातल्या टॅनिनने निम्म्याहून जास्त पाण्यात. अळीव, लोखंडी कढईतली आंबट भाजी, चालत असेल तर कलेजी. पण १२ टक्के सॅच्युरेशन अळिवाच्या लाडवांनी भरून निघत नाही.

---

रात्रपाळी_निद्रातंत्रज्ञ

प्रॅमिपेक्सोलबद्दल मी लिहितो, कारण यात लोक फसतात. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी बंद करा. जादू खरी आहे आणि सापळाही तोच आहे. पार्किन्सनमध्ये वापरतात त्या गटातली ही गोळी, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची नक्कल करते. महिने-वर्षं घेतल्यावर बऱ्याच जणांत उलटी फिरते: आधी दहाला सुरू होणारे पाय आठला, मग दुपारी चारला सुरू होतात, हातांपर्यंत पसरतात, बसल्या जागी दम धरवत नाही. त्याला ऑगमेंटेशन म्हणतात. मग मात्रा वाढवतात, त्याने आणखी बिघडतं. काहींना जुगार, अनावर खरेदी, खाण्याचा सोस लागतो आणि घरच्यांना गोळीशी संबंध आहे हे कळतही नाही. म्हणूनच अमेरिकेच्या झोपविकार अकादमीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचनांत या गटाचा सरसकट वापर नको असं म्हटलंय. लोह कमी असलेल्यांत ऑगमेंटेशनचा धोका जास्त, म्हणजे इथे तर मुळीच नको. दोनच रात्री घेतली आहे, सोडून द्या. ज्यांची वर्षानुवर्षं चालू आहे त्यांनी मात्र एका झटक्यात बंद करू नये, हळूहळू उतरवावी लागते.

शिरेतलं लोह. आमवातात सीआरपी वर असताना तोंडाची गोळी तीन महिने नीट घेऊनही सॅच्युरेशन हललं नाही, तर डॉक्टरांशी या पर्यायावर बोला. दार बंद असेल तर भिंतीवरून जायचं. या आजारात सगळ्यात भक्कम आधार फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजला आहे, एकूण १००० मिग्रॅ, एकदाच किंवा दोन भागांत. आयर्न सुक्रोज स्वस्त पडतं, पण पायांसाठी परिणाम तितका मिळत नाही. देताना ॲलर्जीची तयारी असलेल्या ठिकाणीच. चालू जंतुसंसर्ग असेल तर पुढे ढकला. काहींत नंतर फॉस्फेट खाली जातं, हाडं दुखतात, प्रचंड थकवा येतो. पुन्हा डोस लागणार असेल तर फॉस्फेट तपासा. दुसऱ्या दिवशी फरक शोधू नका, चार ते बारा आठवडे धरा. फेरिटिनही पहिल्या महिन्यात उगाच मोठं दिसतं, आठ आठवड्यांनी करा.

घरचं. काशाच्या वाटीने तळपाय घासणं चालेल. खोबरेल किंवा तूप लावून, टाचेपासून बोटांकडे, पायाला पाच-सात मिनिटं, झोपण्यापूर्वी. त्वचेवरची जोरकस संवेदना आतली वळवळ काही वेळ दाबते, एवढंच ते काम. वाटी काळी होते ती "अंगातली उष्णता" किंवा दाह बाहेर पडला म्हणून नव्हे. काशातलं तांबं आणि तुपातली आम्लं यांचा तो रंग आहे, घासत बसलात तर निरोगी माणसाच्या पायालाही येतो. मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर जपून, घासून सोललेलं त्यांना कळत नाही. महानारायण तेल, एरंडेल, काहीही लावा, फरक चोळण्याचा आहे.

संध्याकाळी अर्धा तास चालणं, पोटऱ्यांचे ताण तीस सेकंद, तीन वेळा. रात्री नऊनंतर जोराचा व्यायाम नको, तो पाय भडकवतो. चहा-कॉफी दुपारी तीनपर्यंत. आणि नाशिककरांसाठी खास: "रेड वाइनमध्ये अँटिऑक्सिडंट असतात, दाह कमी होतो" हे इथे लागू नाही. मद्याने डोळा लागतो लवकर आणि पाय उठवतात मध्यरात्री.

पुण्याच्या बसने जायचं तर सकाळची पकडा, कडेची सीट, आणि हाताला काहीतरी काम. विणकाम, मटार सोलणं, शब्दकोडं. मन गुंतलं की वळवळ ओसरते. कालिदासला रात्रीचं नाटक असेल तर शेवटची रांग.

---

देवळाली_वाचक

हळदीचं पटलं. पण मग आमवाताचा दाह कमी करण्याला काहीच अर्थ नाही का?

---

लॅबमामा_अंबड

आहे की. आमवात नीट काबूत आला तर सीआरपी उतरेल, हेप्सिडिन उतरेल, दारं उघडतील, तोंडाचं लोह लागू पडायला लागेल. फक्त ते काम मेथोट्रेक्सेटसारख्या मूळ औषधाचं आहे, वेदनाशामकाचं नाही. डायक्लोफेनॅकने दुखणं झाकतं, आमवाताची गती थांबत नाही. सात वर्षं झाली, अजून सीआरपी १८ आणि वेदनाशामक रोज लागतंय, म्हणजे मूळ उपचार वाढवायची गरज आहे का हा प्रश्न संधिवाताच्या डॉक्टरांपुढे ठेवा. न्यूरॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा त्यांचा कागद बरोबर, आणि यांच्याकडे जाल तेव्हा न्यूरॉलॉजिस्टचा.

ताई, एकच तपासा: सीआरपी १८ हे मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे ना? काही लॅब प्रतिडेसिलिटर छापतात, मग तेच १८० होतं आणि सगळी गोष्टच बदलते.

---

गंगापूररोडकर

प्रतिलिटरच आहे, आत्ता बघितलं. आजपासून कॅप्सूल बंद केली. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन निघालं. गोळी पाचला आणि चहा सातला, यावर वाटाघाटी चालू आहेत. सध्या सव्वासहापर्यंत आल्यात.

---

लॅबमामा_अंबड

गोळी पाचलाच असेल तर सव्वासहा चालेल. तासभर झाला.